आरंभीची शिल्लक

चिंचवड,
मंगळवार, जेवणानंतर

प्रिय अर्जुनराव यांस,

साष्टांग नमस्कार घालायला माझे गुडघे आता तयार होत नाहीत, तेव्हा खुर्चीत बसूनच हात जोडतो. त्यातला अर्धा नमस्कार मंजुळावहिनींना द्यावा. तुमच्या कमरेचं कसं आहे? चाकणच्या डॉक्टरने दिलेला पट्टा तुम्ही बांधता, की तो अजून खुंटीवरच विश्रांती घेतोय? वहिनींची साखर किती आली? म्हैस व्याली का? खोल्यांतले भाडेकरू दिवसाढवळ्या बाहेरचा दिवा चालू ठेवतात, ही तुमची जुनी तक्रार मिटली की तशीच आहे? आम्ही इकडे ठीक आहोत. माझं पित्त आणि शुभदाचा अबोला सोडला तर तक्रारीला जागा नाही. त्यातलं पित्त गोळीने उतरतं.

फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोय हा माणूस, असं तुम्हांला वाटेल. राव, तुमच्याशी फोनवर खासगी बोलता येत नाही. तुम्ही पारावर बसून फोन स्पीकरवर टाकता. मागच्या खेपेला मी माझ्या मूळव्याधीची गोष्ट तुम्हांला एकट्याला सांगत होतो, आणि पलीकडून तीन अनोळखी माणसांनी मला पथ्य सांगितलं (त्यातलं ताकाचं लागू पडलं, त्यांना माझे आभार सांगा). आजची गोष्ट पारावर जाण्यासारखी नाही. म्हणून हे पत्र एकटे बसून, मनातल्या मनात वाचावं. तुम्ही मोठ्याने वाचता हे मला माहीत आहे.

तर, मिहिरने वाकडला फ्लॅट घेतला. अठरावा मजला, दोन लिफ्ट, खाली पोहण्याचा तलाव. त्यात अजून कुणी पोहताना दिसलेलं नाही. वास्तुशांतीला तुम्ही यायचे होतात, पण म्हशीने ऐन वेळी घात केला. जेवणं चालू असताना मिहिरच्या ऑफिसातल्या मंडळींनी त्याला बोलायचा आग्रह केला. आमचे चिरंजीव हातात माइक नसतानाही माइक असल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, की आज मी इथे आहे तो बाबांमुळे. बाबांनी एकट्याच्या पगारावर चिंचवडचं घर केलं, मला इंजिनिअर केलं. आई घरीच असायची, पण तिनेही खूप सांभाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुभदा तेव्हा मसालेभात वाढत होती. तिने पुढच्या पानावर भात वाढला, त्यावर तूप घातलं, आणि त्याच्या पुढच्या पानाकडे गेली. तुमचा तो बुद्धरत्न, हिंगोलीहून अप्रेंटिस म्हणून आलेला, आता चाकणला सेक्शन सांभाळतो, तो कोपऱ्यात उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत (हातात ताट होतं म्हणून असेल, पण मला तसं वाटलं नाही).

अर्जुनराव, तुम्हांला काय वेगळं सांगायचं? २००२ साली कंपनीने आठ महिने अर्धा पगार दिला, तेव्हा शुभदाने डबे सुरू केले ते तुमच्याच सांगण्यावरून. तुम्ही आमच्या दारात पाच पोरं उभी केलीत (बुद्धरत्न त्यांतलाच) आणि म्हणालात, "वहिनी, पोरं वडापाववर जगत्यात. न्हाई म्हनू नका." पाचाची बेचाळीस झाली. फर्स्ट शिफ्टचे डबे पहाटे पाचला, जनरलचे आठला, सेकंडचे दुपारी. पोळ्यांचा हिशोब मी कधी मांडला नाही, आणि मी असा माणूस आहे की ज्याने पेपरवाल्याचे सुट्टीचे दिवसही मांडले. चौदा वर्षं ते चाललं. २०१६ साली तिचे खांदे थांबा म्हणाले, तेव्हा थांबलं. मिहिर त्याच डब्यांच्या ओळीतून वाट काढत शाळेत गेला आणि पुढे कॉलेजात गेला. तो खोटं बोलला नाही. त्याला खरंच असं वाटतं की आई घरी असायची. घरी तर ती असायचीच.

परतताना कॅब भूमकर चौकात आली. तेव्हा शुभदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, माझ्या डब्यांचे एकूण किती झाले असतील? तुमच्या त्यात असेल ना?" तुमच्या त्यात म्हणजे संगणकात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण तिने मला आकडा पहिल्यांदाच विचारला. मी छाती पुढे काढून म्हणालो, पाच मिनिटांत सांगतो. त्याला आज सहा आठवडे झाले.

आता माझ्या हिशोबाच्या प्रोग्रॅमची, 'धनसखा'ची कहाणी. कंपनीच्या लिलावात घेतलेल्या जुन्या संगणकावर मी २००२ साली धनसखाची चौथी आवृत्ती बसवली आणि त्या दिवसापासून घरातली पैन्‌पै तिच्यात लिहिली. भाजी, दूध, इस्त्री, देवाची दक्षिणा, सगळं. घरात वाद झाला की मी उठून संगणकाकडे जायचो आणि तारखेसह निकाल घेऊन परत यायचो. मिक्सर कधी घेतला, कोणाच्या माहेरच्या लग्नात किती आहेर गेला, असल्या बाबतीत माझ्यासमोर उभं राहायची कुणाची हिंमत नव्हती (याने संसारात गोडी वाढते असं नाही, हे मला फार उशिरा कळलं). वीस-बावीस वर्षं ती आवृत्ती मुकाट्याने चालली. मग गेल्या दिवाळीत मिहिरने लॅपटॉप भेट दिला, आणि त्याच आठवड्यात धनसखावाल्यांची मेल आली की जुन्या आवृत्तीची सेवा थांबवत आहोत, आपण आमचे जुने आणि लाडके ग्राहक आहात, तरी दहावी आवृत्ती सवलतीत घ्यावी. लाडके म्हटल्यावर मी विरघळलो आणि घेतली.

दहावी बसवली. तिने जुनी माहिती ओढून घेतली, हिरवी बरोबरची खूण दाखवली आणि अभिनंदन केलं. मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस, नुसत्या अभिनंदनावर विश्वास ठेवीन का? मी तपासणी केली. कशी केली, ते तुम्ही ओळखलं असेल. पहिला नग आणि शेवटचा नग. सर्वांत खालची नोंद बघितली, बरोबर. बँकेतली शिल्लक बघितली, पैशासकट बरोबर. लॉट पास. आणि लॉट पास झाल्यावर आपल्या कंपनीच्या नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं. नवीन ड्रॉइंग आलं की जुन्यावर 'रद्द' शिक्का मारून त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायच्या, नाहीतर कुणीतरी चुकून जुन्यावरून माल काढतो. हा नियम आपल्याकडे मीच लावला होता, आणि तुम्ही त्यावरून मला किती शिव्या दिल्यात त्याही आठवतात. मी चौथ्या आवृत्तीच्या सीडीचे चार तुकडे केले. जुना संगणक कुदळवाडीच्या भंगारवाल्याला दिला. वहीत 'कालबाह्य प्रती नष्ट केल्या' असं लिहून खाली सही केली, तारीख घातली. साक्षीदार म्हणून नात ओवीची सही घेतली, ती आठ वर्षांची आहे. नियमात एक संदर्भ-प्रत ठेवायची मुभा असते म्हणून माहितीची फाइल तेवढी एका पेनड्राइव्हवर ठेवली आणि त्यावर 'फक्त संदर्भासाठी' अशी चिठ्ठी चिकटवली.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी शुभदासमोर मी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि २००२ सालावर गेलो. तिथे काही नव्हतं. २००५ नाही, २०१० नाही. थेट तीन वर्षांपूर्वीचा एक एप्रिल, आणि त्या दिवशी एकच ओळ: आरंभीची शिल्लक. पुढे एक आकडा. त्या ओळीच्या मागे काय काय होतं, राव! अर्धा पगार होता, मिहिरच्या कांजण्या होत्या, आईचं ऑपरेशन होतं, तुमच्या थोरलीच्या लग्नाचा आहेर होता, आणि चौदा वर्षं पहाटे साडेतीनला पेटलेला गॅस होता. आकडा अगदी बरोबर होता. त्यात चूक काढायला जागा नव्हती. शुभदा माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे नाहीये." आणि कुकर लावायला गेली. तेव्हापासून हा अबोला आहे, कामापुरतंच बोलते. ती रागावलेली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी धनसखावाल्यांच्या मदतकेंद्राशी बोलायला लागलो. आधी 'मैत्री' नावाची बाई भेटली. तिला मी सगळी हकीकत टाइप करून कळवली, वास्तुशांतीसकट. तिने लगेच उत्तर दिलं की आपल्या भावना आम्ही समजू शकतो, आणि मला एक ते पाच तारे द्यायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा लिहिलं, तर पुन्हा त्याच शब्दांत माझ्या भावना समजल्या. तेव्हा कळलं की मैत्री हे यंत्र आहे. आठ दिवसांनी फोनवर दिव्या नावाची मुलगी आली. बोलताना ती शिंकली, म्हणून खात्री पटली. चांगली मुलगी होती. तिने समजावलं की चौथ्या आवृत्तीची माहिती दहावीत थेट आणली तर शेवटची तीन वर्षंच येतात. सगळी हवी तर आधी सहावीत उघडायची, मग आठवीत, मग दहावीत. मी म्हटलं, द्या सहावी आणि आठवी, पैसे भरतो. ती म्हणाली, ते आता बंद झालंय, सर. मी म्हटलं, मग निदान चौथी द्या, नुसती बघतो. तीही बंद झालेली. मी बराच तापलो. तिला म्हणालो, आमच्या कंपनीत असा प्रकार चालला नसता.

फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं. चाललं नसतं काय, चाललं होतं. तुम्हांला भोसरीचा भिमाजी आठवतो? एका शेडमध्ये एक लेथ, तोही आपल्याच कंपनीचा जुना. आपण नट-बोल्टचे इंची आटे बंद करून मिलिमीटरवर गेलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी तो रुमालात एक झिजलेला नट बांधून सुट्या भागांच्या खिडकीशी आला. त्या दिवशी खिडकीत बदली म्हणून मी होतो. मी त्याला म्हणालो, ते आता बंद झालंय, आणि नव्या मॉडेलचं माहितीपत्रक दिलं. अगदी दिव्याच्या गोड आवाजात. तो म्हणाला, "साहेब, मशिन तर चालतंय माझं. मग बंद काय झालंय?" मी पुढच्या माणसाला बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही टूलरूममध्ये चोरून त्याला तो नट करून दिलात. तुम्हांला वाटत असेल मला पत्ता नाही. मी काचेतून बघत होतो, आणि रिपोर्ट करायचा सोडून चहा पीत राहिलो. तेवढीच माझी मदत. आज त्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर कळतंय, की त्या माणसाला नवीन मशीन परवडत नव्हतं एवढीच गोष्ट नव्हती. आपण ज्याच्यावर आयुष्य काढलं ते निरुपयोगी आहे असं कुणीतरी गोड आवाजात सांगितलं, की ते फार लागतं.

मी शुभदाला एक तोडगाही सुचवला. म्हटलं, डबे सरासरी तीस धरू, दर सरासरी इतका, महिने इतके, सामान वजा जाता येईल तो आकडा, फार तर पाच टक्के इकडेतिकडे. तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "अंदाज नको. अंदाज मिहिरलाही आहे."

आणि आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मिहिर बोलला तेव्हा टाळ्या वाजल्या, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना नमस्कार केला. एकट्याच्या पगारावर, असं तो म्हणाला होता, आणि मला त्या पगाराचा शेवटचा पैसा पाठ आहे. घराचे हप्ते त्यात बसत नव्हते. कॉलेजची फी तर मुळीच बसत नव्हती. त्या खोलीत हे दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक तूप वाढत होतं आणि दुसरं नमस्कार करत होतं. धनसखाची दहावी आवृत्ती काय वाईट, राव? चौदा वर्षांची एक ओळ करायचं काम तिच्या आधी मीच केलं होतं, तेही माणसांसमोर. मला लाज वाटते. मिहिरला मी तोंडी सांगू शकतो, सांगणारही आहे, पण तो म्हणेल, बाबा किती मोठ्या मनाचे, आणि पुन्हा टाळ्या मलाच पडतील. त्याच्यापुढे तारखा ठेवल्या पाहिजेत, एकेक महिन्याच्या. तिला तोच कागद हवाय, आणि मला वाटतं तो तिचा हक्क आहे.

असो. पत्र लांबलं. हवा बरी आहे. वहिनींना साखर जपायला सांगा, तुम्ही पट्टा बांधा, म्हशीची बातमी कळवा. तुमच्याकडून मला काही नको, नुसतं मन मोकळं करायला लिहिलं.

तुमचा जुना इन्स्पेक्टर,
मधुसूदन

ता. क. – काही नको असं वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. २००६ साली तुम्ही खोल्यांच्या मीटरचे आकडे लिहायला संगणक घेतलात, तेव्हा त्यावर धनसखाची चौथी आवृत्ती मीच माझ्या सीडीवरून बसवून दिली होती. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे निघोजेला आलो, तेव्हा तुम्ही अजून तिच्यातच आकडे लिहीत होतात. मी चारचौघांत तुम्हांला हसलो आणि म्हणालो, अर्जुनराव, हे म्युझियमला देऊन टाका. तुम्ही म्हणालात, "चालतंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की." ते हसणं मी या पत्राने मागे घेतो. तो संगणक अजून आहे ना? असेल तर त्याला हात लावू नका, पुसू नका, त्याच्यावर ठेवलेली लोणच्याची बरणी तेवढी अलगद उतरवा. नातवंडांनी कुणी नवीन काही बसवू म्हटलं तर त्यांना घराबाहेर काढा. मी पुढच्या गुरुवारी अकराच्या सुमाराला पेनड्राइव्ह घेऊन पोचतो. चाकणपर्यंत बसने येतो, पुढे रिक्षा करतो.

ता. क. दुसरा – शुभदाही बरोबर येणार म्हणते, आणि इथेच खरी अडचण आहे. धनसखात आलेला प्रत्येक पैसा कुठल्या तरी नावाखाली लिहावा लागतो. माझा पगार 'मुख्य उत्पन्न' या नावाखाली आहे. डब्यांचे पैसे पहिल्या दिवशी लिहिताना मला वाटलं, दोन-तीन महिने चालेल हे, कशाला वेगळं नाव काढा? म्हणून ते मी 'किरकोळ' या नावाखाली टाकले. पुढे चौदा वर्षं बदलायचं राहून गेलं. फाइल उघडली की पडद्यावर पहिल्यांदा तेच दिसणार, ठळक अक्षरांत. तेव्हा हात जोडून विनंती, की आम्ही पोचल्या पोचल्या मंजुळावहिनींनी शुभदाला गोठ्यात न्यावं, म्हैस दाखवावी, पाऊण तास गुंतवून ठेवावं. तेवढ्यात मी 'किरकोळ' खोडून तिथे 'शुभदा' करतो. आयुष्यात एकाही रिपोर्टात मी मागाहून खाडाखोड केलेली नाही. ही एकच करू द्या. आणि याचा कुठे उच्चार नको.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे, मी शुभदा) – अर्जुनभावजी, नमस्कार. ह्यांना तुमच्या गावाचा पिनकोड आठवेना, म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं, आणि चिकटवायच्या आधी मी सगळं वाचलं. ते 'किरकोळ' मला २००४ पासून माहीत आहे. ह्यांनी वर्षाचा हिशोब छापून फ्रिजवर लावला होता. तेव्हा बोलले नाही, कारण गॅसवर तेल तापलं होतं, आणि नंतर राहूनच गेलं. ते नाव कुणी बदलायचं नाही. मिहिरला मला ते आहे तसंच दाखवायचं आहे, पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत, आणि तो वाचेल तेव्हा हे शेजारी बसलेले हवेत. गुरुवारी आम्ही येतो. मंजुळाबाईंना सांगा, म्हैस ह्यांना दाखवायची. मशीनपुढे मी बसणार आहे. बटण कुठलं दाबायचं तेवढं तुम्ही दाखवा, बेरीज मी वाचेन.